उंचीचा सोस आणि पाट्यांचा हिशेब

जुनी जीप विकत घ्यायची, तिला नवा रंग द्यायचा, रुंद टायर चढवायचे आणि मग ती चार इंच उंच करून घ्यायची, हा हौसेचा आता ठरून गेलेला क्रम आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या आडवाटा तुडवणाऱ्या तरुण मंडळींना मी नावे ठेवणार नाही. माणसाला हौस असावी. पण तीच जीप रविवारी मुलाबाळांना घेऊन ताम्हिणी घाट उतरू लागते, तेव्हा प्रश्न एकट्याच्या हौसेचा राहत नाही.

जीप उंच होते ती प्रामुख्याने पाट्यांवर. पाटे म्हणजे एकावर एक रचून बांधलेल्या, बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या. टांग्याला पाटे असत, ट्रकला असतात. महिंद्रने १९४७ साली विलीज जीप जोडायला घेतली. पुढे सीजे ३बी, एमएम ५४० अशा गाड्या चारही चाकांना पाटे घेऊनच आल्या. २०१० च्या थारने ते पुढून काढले आणि मागे ठेवले. २०२० च्या थारने मागचेही काढून तिथे गुंडाळीची स्प्रिंग बसवली. तेव्हा पाट्यांची निवड हा मुख्यतः जुन्या जीपवाल्यांचा विषय आहे.

गॅरेजमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती इंच?’ माझ्या मते पहिला प्रश्न हवा, ‘किती वजन?’ बँकेत मी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. कर्ज मागायला येणारा रकमेपासून सुरुवात करी, आम्ही त्याला मिळकतीपाशी आणत असू. पाट्यांचेही तसेच आहे. गाडीला लोखंडी बंपर आहे का, विंच आहे का, वर टप आहे की ताडपत्री, मागे माणसे किती बसणार? हे सगळे भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या चाकांवरचे वजन वेगवेगळे घ्यावे. त्या दोन आकड्यांवरून पाटे निवडावेत. थोड्याशा पैशांत होणारे हे काम टाळून लोक पाट्यांवर हजारो रुपये घालतात.

वजनापेक्षा ताठ पाटे घेतले की काय होते? गाडी उंच दिसते खरी, पण पाटे वाकतच नाहीत. खड्ड्यात चाक खाली उतरायला हवे, ते अधांतरी राहते. आणि साध्या डिफरन्शियलच्या गाडीत इंजिनाचा जोर त्या लोंबत्या चाकाला फिरवण्यात वाया जातो. म्हणजे ज्या चिखलासाठी एवढा खटाटोप केला, त्याच चिखलात गाडी रुतते. रुंदी आणि लांबी तीच ठेवून पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. म्हणून थोड्या जाड पट्ट्यांपेक्षा जास्त पातळ पट्ट्या बऱ्या, आणि जागा असेल तिथे लांब पाटा आखूड पाट्यापेक्षा बरा. जुन्या संचात एक जादा पट्टी घालणे स्वस्त पडते, पण हाडे खिळखिळी होतात ती मागे बसणाऱ्यांची.

दुसरी स्वस्त युक्ती लांब शॅकलची. त्यात दोन इंच लांबी वाढवावी तेव्हा कुठे गाडी सुमारे एक इंच उचलली जाते. शिवाय अॅक्सलचा कोन बदलतो आणि त्याबरोबर स्टिअरिंगचा स्वभावही. पुढच्या अॅक्सलवर ठोकळे घालून उंची मिळवणे तर मी कुणालाच सुचवणार नाही. उंची कशीही वाढवा, ब्रेकचा पाइप पुरतो का आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन फार तिरका तर होत नाही ना, हे पाहावेच लागते.

आणि एवढे करून मिळते काय? पाट्यांनी वर जाते ती बॉडी. अॅक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा डबा जमिनीपासून होता तितकाच उंच राहतो. दगडावर आपटायचा तो आपटतोच. तो उचलला जातो फक्त मोठ्या टायरने. उलट बॉडी वर गेली की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. घाटातली वळणे गाडीमालकाची हौस पाहून सरळ होत नाहीत.

कायद्याचेही विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. तेव्हा पाटे विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

माझे मत म्हणाल तर ते साधे आहे. बसलेले, तडकलेले पाटे बदलावेत, गाडीच्या खऱ्या वजनाचे नवे घालावेत. त्यातून जीपची हरवलेली उंची परत मिळाली तर ती पुष्कळ झाली. त्याहून उंच जीप ज्याला हवीच असेल, त्याने ती खासगी माळरानावर खुशाल पळवावी. घरच्यांना घेऊन घाट उतरायची जीप मात्र मूळच्याच उंचीची असावी.