स्वस्त विलायती दुनळी बंदूक घेतांना

रानडुकरें पिकांत शिरूं लागल्यापासून स्वस्तांतली विलायती दुनळी बंदूक घ्यावी कीं काय, असें आमचे कित्येक शेतकरी बंधू विचारतात. परदेशी बंदुकांची सर्वसामान्य आयात १९८० नंतरच्या दशकांत बंद झाली. तेव्हां आज स्वस्त मिळते ती आजोबांच्या वेळची, बहुधा बेल्जममधील लिएज किंवा इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथली असते.

आमचे मतें अशी बंदूक टाकाऊ मुळींच नव्हे. मात्र घेणारे पारखतात ती नक्षी! आमचे एक चुलत बंधू हरिणें कोरलेल्या पत्र्यावर भुलले आणि दुसऱ्याच हंगामांत नळी फुटून डाव्या हाताचीं दोन बोटें गमावून बसले.

त्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखीं वळणें होतीं. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून व सांधून केलेल्या असल्या नळ्या काळ्या दारूच्या काळांतल्या. हल्लींचें बिनधुराच्या दारूचें काडतूस त्यांत घालूं नये. म्हणून प्रथम नळ्या उतरवून खालच्या बाजूचे परीक्षेचे ठसे वाचावे. बर्मिंगहॅमचा मुकुटाखालीं ‘एन् पी’ व लिएजचा सिंहाखालीं ‘पी व्ही’, हे बिनधुराच्या दारूनें परीक्षा झाल्याचे ठसे होत. नुसता लंबवर्तुळांतील ‘ई एल जी’ पुरेसा नाहीं. काडतुसाचें घर अडीच इंची असल्यास पावणेतीन इंची काडतूस वापरूं नये. तें आंत बसतें, हाच धोका. उडतेवेळीं त्याचें तोंड उलगडण्यास जागा राहत नाहीं व दाब वाढतो.

मग नळ्या खालच्या आंकड्याला टांगून लांकडानें हलकेच ठोकाव्या. काशाच्या भांड्यासारखा नाद निघाला तर मधल्या पट्टीचा डाक शाबूत आहे. बद्द वाजल्यास सुटला आहे. उजेडाकडे धरून आंत पाहावें. सावलीचीं वर्तुळें मोडलेलीं दिसल्यास नळीला पोचा आहे. शेवटीं पुढचें लांकूड काढून मिटलेली बंदूक दस्त्याला धरून हालवावी. खडखडली तर सांधा झिजलेला. तो ठोकून आवळून विकणारेही भेटतात. बाहेरच्या घोड्यांची बंदूक मात्र जुनाट म्हणून नाकारूं नये. घोडा चढविलेला आहे कीं नाहीं तें डोळ्यांना दिसतें.

एक कारकुनी गोष्ट. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना अगोदर हातीं हवा, आणि डुकरावर बार टाकण्यास वनखात्याची परवानगी निराळी. नळीवरचा क्रमांक व विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक यांत एका आंकड्याचा फरक पडल्यानें वर्षभर कचेरीचे हेलपाटे घालणारे लोक मीं पाहिले आहेत. तो क्रमांक पैसे देण्यापूर्वीं स्वतः, चष्मा लावून वाचावा.