१२ पुस्तकं ठरवली, झाली ४

जानेवारीत ठरवलं होतं, वर्षात १२ पुस्तकं वाचायची. झाली ४. खरिपात तर पुस्तकाला हातच लागला नाही. तरी तोटा झाला असं वाटत नाही.

जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचला. १८८३ सालचं लिखाण. विद्या नसल्यानं शेतकरी कसा नाडला जातो ते वाचलं अन् लाज वाटली. मी दहावी पास, पण माती परीक्षणाचा कागद दोन वर्षं कपाटात घडी घालून पडलेला! काढून वाचला. स्फुरद 'जास्त', सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के म्हणजे कमी. अन् मी दरसाल डोळे झाकून डीएपी टाकतोय, ज्यात ४६ टक्के स्फुरद. यंदा कृषी सहायकांना विचारून हरभऱ्याला डीएपी निम्मं केलं, शेणखत वाढवलं. उतारा काढणीनंतर सांगेन, कमी आला तरी सांगेन.

माझं मत एवढंच, वाचनाचं टार्गेट आकड्यात धरू नका. वाचलेल्यानं वावरात एक तरी बदल झाला का, ते बघा. पुढच्या वर्षी माझी ६ च पुस्तकं. पण औषधाच्या डब्यावरचं लेबल फवारणीआधी वाचणारच.

तुमचा माती परीक्षणाचा कागद कुठं आहे? आज काढून बघा.