टायर मोठे, गिअर मात्र तेच!

पिकअप ट्रक आणि जीपला मोठे टायर बसवण्याची अमेरिकी हौस अलीकडे गॅरेजमधून थेट कारखान्यात पोहोचली आहे. २०२१ मध्ये जीप कंपनीने 'रँग्लर रुबिकॉन'साठी 'एक्स्ट्रीम रेकॉन' पॅकेज आणले. त्यात टायर ३३ ऐवजी ३५ इंचांचे होते. मात्र, कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. अ‍ॅक्सलमधील गिअरचे गुणोत्तरही तिने ४.१० ऐवजी ४.५६ ठेवले. हौशी वाहनधारक नेमका हाच भाग विसरतात.

अ‍ॅक्सलच्या मध्यभागी क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी असते. गुणोत्तर ४.१० याचा अर्थ पिनियनचे ४.१० फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. मोठा टायर त्याच फेऱ्यात अधिक अंतर कापतो. हा फायदा वाटला, तरी रस्त्यावर पडणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. ३५ इंची टायरवर ४.१० चे गुणोत्तर प्रत्यक्षात ३.८७ सारखे वागते. परिणामी चढावर इंजिन दमते आणि गिअर वारंवार खाली आणावा लागतो. शिवाय स्पीडोमीटरची फेरजुळणी केली नाही, तर काटा १०० वर असताना गाडी १०६ च्या वेगाने धावते.

यावरचे त्रैराशिक सोपे आहे. ४.१० ला ३५ ने गुणून ३३ ने भागले, की उत्तर येते सुमारे ४.३५. परंतु वाढलेले वजन आणि वाऱ्याचा विरोध या त्रैराशिकात येत नाही. म्हणूनच उत्तरापेक्षा किंचित मोठे गुणोत्तर सोयीचे ठरते. ते फार वाढवले, तर महामार्गावर इंजिनाचे फेरे आणि इंधनाचा खर्च दोन्ही वाढतात. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीत दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेळी बदलावे लागतात. ब्रेकवर वाढलेला ताण मात्र गिअर बदलून कमी होत नाही.

भारतात हा प्रश्न कायद्याचाही आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंडाची वा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. मात्र, केवळ दंडाने हौस संपत नसते. टायर, गिअर आणि ब्रेक यांचा मेळ घातलेली प्रमाणित गाडी कारखान्यातूनच मिळाली, तरच रस्त्याकडेचे अर्धवट प्रयोग थांबतील.