रजा शिल्लक नाही म्हणता?

यंदाच्या श्रावणात एक गृहस्थ दवाखान्यात आले. सरकारी कचेरीत कारकून, वय पन्नाशीपुढचे, मधुमेह जुना. उजव्या तळपायाला छोटीशी जखम. मी म्हटले, "तीन आठवडे या पायावर भार नको. रजा टाका." ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रजाच उरली नाही हो."

महिन्याने आले तेव्हा जखम हाडापर्यंत पोचली होती. अंगठा काढावा लागला. पुढे मुलाने कचेरीत चौकशी केली, तर खात्यावर १८४ दिवस अर्जित रजा जमा! संपल्या होत्या त्या फक्त वर्षाच्या आठ किरकोळ रजा. "कोणती रजा उरली नाही?" एवढे मी त्या दिवशी विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस अर्जित रजा मिळते. शिवाय वर्षाला २० दिवस अर्धवेतनी. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. हा दुपटीचा हिशेब तोंडी कुणाच्या लक्षात राहणार?

म्हणून वाचकहो, औषधाच्या चिठ्ठीबरोबर आता मी आणखी एक गोष्ट लिहून देतो. संगणकावर किंवा मोबाईलवर एक्सेलसारखा तक्ता उघडा. 'ए' रकान्यात तारीख, 'बी'मध्ये जमा रजा, 'सी'मध्ये घेतलेली. पहिल्या नोंदीत कचेरीतून विचारून आणलेली आजची शिल्लक. मग 'डी१' चौकटीत इंग्रजी अक्षरांत हे सूत्र टाका: =सम(बी२:बी६०)-सम(सी२:सी६०). शिल्लक आपोआप दिसत राहते. अर्ध्या दिवसाला ०.५ लिहावे. दाखल्यावर १० दिवस घेतले तर अर्धवेतनी रजेच्या तक्त्यात २० मांडावेत. प्रत्येक रजेचा तक्ता वेगळा ठेवावा, नाहीतर आमच्या गृहस्थांसारखा घोटाळा होतो. खासगी नोकरीत नियम वेगळे, पण सूत्र हेच.

काहीजण रजा मुद्दाम साठवतात. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतचे पैसे मिळतात, हे खरे. मुलीचे लग्न, घराचे कर्ज, कारणेही खोटी नसतात. पण हर्निया चार वर्षे पट्ट्यावर ढकलणारे, छातीत दुखले तरी "मार्चअखेर होऊ द्या" म्हणणारे मी पाहतो, तेव्हा त्या पैशाचा मला राग येतो. आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली मांडले आहे.

ते गृहस्थ परवा ड्रेसिंगला आले होते. मुलाने मोबाईलवर तक्ता करून दिला आहे. शिल्लक १३१. मी म्हटले, "आणखी दहा दिवस घरीच." त्यांनी माझ्यासमोरच 'सी'मध्ये आकडा टाकला.