खुली सीमा हीच खरी मदत

सर्जापूर रोडवरील गृहसंकुलांच्या फाटकांवर मला आजही अनेक नेपाळी पहारेकरी दिसतात. अशा स्थलांतरितांसाठी भारत-नेपाळ सीमा खुली असणे म्हणजे काय, हे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने दाखवले. सुमारे नऊ हजार बळी गेले. काठमांडूच्या एकमेव धावपट्टीवर मदतीची विमाने खोळंबली. गावी परतणाऱ्या मजुराला परवडणारी वाट होती ती रक्सौल किंवा सोनौलीहून, रस्त्याने. १९५० च्या मैत्री कराराच्या परंपरेमुळे त्याला व्हिसा लागत नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मात्र सीमेवर मालाची कोंडी झाली. दिल्लीने मधेशी आंदोलनाकडे बोट दाखवले, काठमांडूने दिल्लीकडे. इंधन आणि औषधांच्या टंचाईत भूकंपग्रस्तांनी हिवाळा काढला. एप्रिलमध्ये मिळवलेली सदिच्छा आपण अशी गमावली. माझ्या मते, संकटग्रस्त शेजाऱ्याची वाट हे राजनैतिक दबावाचे साधन कधीच होता कामा नये.