माजघरांतील मत

घरांत एखादा नाजूक प्रश्न निघाला, म्हणजे पंगतींत जें मत पडतें तेंच सर्वांचें मत, अशी वडीलधाऱ्या मंडळींची समजूत असते. पानें उचलल्यावर माजघरांत काय बोललें जातें, तें त्यांच्या कानांवर क्वचितच येतें. एका घराची ही कथा, तर साऱ्या देशाचें मत मोजूं पाहणाऱ्यांस किती जपून पाऊल टाकावें लागत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आपल्याकडे १९९२-९३ सालापासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण या नांवाची मोठी पाहणी मधून मधून होत आली आहे. तिची सूत्रें मुंबईस देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतात. २०१९ ते २०२१ या काळांतील पांचव्या फेरींत सहा लक्षांहून अधिक घरें व सात लक्षांहून अधिक स्त्रिया गांठण्यांत आल्या. पुरुष सुमारें एक लक्ष होते. त्यांस इतर गोष्टींबरोबर असेंही विचारलें कीं, नवऱ्यानें बायकोस मारणें रास्त आहे काय? न सांगतां बाहेर जाणें, मुलांची हेळसांड, उलट बोलणें, स्वयंपाक नीट न करणें अशीं सात कारणें एकेक करून पुढें ठेवलीं. निदान एका कारणास शेंकडा ४५ स्त्रियांनीं होकार दिला. पुरुषांत हेंच प्रमाण ४४ होतें. सर्वांत अधिक होकार मिळाला तो सासूसासऱ्यांचा अनादर या कारणास!

२००५-०६ सालीं असा होकार देणाऱ्या स्त्रिया शेंकडा ५४ होत्या, हें पाहून कोणी समाधान मानील. मानावें, पण या होकाराचा अर्थ काय? 'रास्त आहे काय' हा प्रश्न ऐकणारीस 'असें चालतें काय' असाच ऐकूं येत असेल, तर तिनें सांगितलें तें स्वतःचें मत नव्हे, घराची रीत. तेलंगणांत होकार देणाऱ्या स्त्रिया शेंकडा ८४ आणि हिमाचल प्रदेशांत अवघ्या १५ च्या आसपास. हा सारा फरक मनांचाच, असें मानण्यास मी तरी तयार नाहीं. कांहीं भाग रीतीचा व कांहीं बोलण्याच्या मोकळिकीचाही असावा.

पाहणी करणाऱ्यांस हें ठाऊक नाहीं असें नाहीं. स्वतःस मार बसतो काय, हा प्रश्न ते एका घरांत एकाच स्त्रीस विचारतात, आणि तोही ती एकटी असेल तरच. एकांत मिळाला नाहीं तर तो प्रश्न सोडून देतात. एकत्र कुटुंबांत हा एकांत आणावयाचा कोठून?

अशी एखादी बाई आपल्या घरीं आली तर तिला कोठें बसवावें, असें मीं परवां जेवतांना विचारलें. मुलगा म्हणाला, दिवाणखान्यांत. आमच्या मंडळी म्हणाल्या, स्वयंपाकघरांत, म्हणजे चहाही होईल. सूनबाई त्या वेळीं कांहींच बोलल्या नाहींत. मागाहून पानें उचलतांना हळूच म्हणाल्या, "गच्चीवर."