दहा वर्षांचा शब्द

जून उजाडला की लालबाग-परळच्या चाळींत वह्यावाटप सुरू होते. आमच्या कार्यालयातल्या आम्ही सातजणीही पगारातून पैसे काढून वह्या वाटत असू. हारतुरे, भाषण, फोटो, सगळे यथासांग. एका वर्षी नवी यादी करताना लक्षात आले, की गेल्या खेपेस सातवीत असलेली एक हुशार मुलगी यादीत नाही. चौकशी केली. आई आजारी पडली म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी बसली होती. शाळा सुटून आठ महिने झाले होते आणि आम्हा सातजणींपैकी एकीलाही पत्ता नव्हता. आम्ही वह्या मोजल्या होत्या, मूल पाहिले नव्हते.

तेव्हापासून गिरगाव चौपाटीची एक जुनी हकिकत मला पुन्हा पुन्हा आठवते. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी तिथे ‘शारदा सदन’ उघडले. बालपणीच विधवा झालेल्या मुलींना राहण्याची आणि शिकण्याची सोय हा त्याचा हेतू. पण पैसा कुठून आला?

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. १८८७ साली रमाबाईंनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याला प्रस्तावना बॉडलीबाईंची. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. गावोगाव ‘रमाबाई मंडळे’ निघाली. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या थोडीथोडी वर्गणी जमवून पाठवीत. आणि त्यांनी दिलेला शब्द एका वर्षाचा नव्हता, दहा वर्षांचा होता!

मला यातले मोठेपण इथे दिसते. मुलगी शिकून पायावर उभी राहायला दहा वर्षे लागतात, म्हणून मदतही दहा वर्षांची. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास गेले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावर गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, इथले नामवंत सल्लागारही बाजूला झाले. तरी ती मदत थांबली नाही. असोसिएशनने मुदत पुरी केली.

एक गोष्ट लपवू नये. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. आपल्या पणज्यांना त्या दारातून आत जाता आले नसते. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना वसवले. तिथे जात आडवी आली नाही. याच रमाबाईंवर टीका होत होती, तेव्हा १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली होती, हेही विसरू नये.

सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. लहानपणीच वैधव्य आलेली ही मुलगी पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी झाली आणि १८९६ साली निघालेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी वर्गणी गोळा करीत फिरली. घेणारा हात असा देणारा होतो.

आता आपले काय? बँका, महापालिका, इस्पितळे, शाळा, सगळीकडे आपल्या लेकीसुना आज नोकरीला आहेत. भिशी आपण दर महिन्याला न चुकता भरतो. तशीच पाच-सात जणींनी मिळून एका मुलाची वा मुलीची जबाबदारी दहावी होईपर्यंत घ्यावी. महिन्यातून एकदा एकीने घरी जावे, शाळेत जावे, हजेरी विचारावी. मुलाला रांगेत उभे करून फोटो काढू नये. उद्या तेच मूल वर्गात मान खाली घालते. संस्थेला पैसे देणार असाल, तर नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण झालेला हिशेब मागा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवावाच लागतो. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याचे काम चोख, तो आनंदाने दाखवतो.

आम्ही सातजणींनी वह्यावाटप बंद केले. ती मुलगी पुन्हा शाळेत बसली आणि दहावी झाली. तिच्या फीपेक्षा तिच्या भावासाठी बालवाडी शोधणे जास्त अवघड गेले. पैसा तर आमच्याकडे आधीही होता. कमी पडत होते ते तिच्या दारापर्यंत जाणे.